गुरुवारचं गरम पाणी

गच्चीवर दोन हीट पंप होते, दीड हजार लिटरची गरम पाण्याची एक टाकी, पाणी फिरवणारे दोन छोटे पंप, थंड पाण्याच्या दोन काळ्या टाक्या आणि चादरी वाळत घालायच्या चार दोऱ्या. जिन्याच्या डोक्यावरच्या खोलीत आमच्या कंपनीचं एक पॅनल होतं. त्यात एक थर्मोस्टॅट, तीन कॉन्टॅक्टर आणि सात एमसीबी. पॅनलशेजारी बोअरच्या मोटरचा स्टार्टर होता, पण तो आमचा नव्हता. आणि दारात माझ्याकडे पाहत उभी असलेली तीन माणसं होती.

लॉजचे मालक नारायणराव, त्यांची सून रेणुका, आणि चादरी धुण्यापासून गच्ची झाडण्यापर्यंत सगळं पाहणाऱ्या झुंबरबाई.

"मोजून झालं असन तं सांगा," नारायणराव म्हणाले, "यातलं कमी काय आहे?"

"कमी काहीच नाही, काका."

"मंग गरम पाणीच कमी आहे म्हणायचं."

मी अकोल्याहून आले होते. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर वर्षभरापासून मी हीट पंप बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. फ्रीज आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. एवढं समजलं की बाकी सगळं नळ आणि वायरी. हे यंत्र बसवणारा माझ्या आधीचा इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता, म्हणून तक्रार माझ्याकडे आली.

शेगावात, स्टेशनकडून मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे अन्नपूर्णा लॉज. तीन मजले, बेचाळीस खोल्या. दोन वर्षांपासून ते रेणुका चालवत होती. त्याआधी मागच्या अंगणात लाकडाचा मोठा बंब पेटायचा आणि बादल्या वर जायच्या. बंब बंद करून हीट पंप बसवायचं रेणुकानं ठरवलं, सासऱ्यांच्या मनाविरुद्ध. यंत्र बसलं, दिवाळीपर्यंत चांगलं चाललंही. मग बिघडायला लागलं.

"पण रोज नाही," रेणुका म्हणाली. "फक्त गुरुवारी. पहाटे जे पहिले उठतात त्याईले चटका बसते. हात भाजला म्हणून एक बाई माह्याशी भांडली. अन् तासाभरानं जे उठतात, त्याईले बर्फ. बाकी सहा दिवस एक तक्रार नाही."

"आख्ख्या शेगावले गुरुवार पावते," नारायणराव म्हणाले, "आपल्या मशीनलेच पावत नाही."

शेगावात गुरुवारी गर्दी असते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बुधवारी संध्याकाळीच गाड्या येऊ लागतात. पहाटे सगळ्यांना एकाच वेळी आंघोळ करून दर्शनाच्या रांगेत लागायचं असतं. ज्या दिवशी लॉज भरलेलं, त्याच दिवशी पाणी थंड.

नारायणरावांनी पुढचं शांतपणे सांगितलं. त्यांना माझ्याशी लपवाछपवी करायची नव्हती. "भाऊराव उद्या दुपारी येऊन राह्यला. त्याच्याकडे आधीच दोन लॉज आहेत, हेही ठेक्यानं घ्याले तयार आहे. उद्या पहाटे शेवटच्या माणसाले गरम पाणी भेटलं, तं मी भाऊरावले फोन लावून येऊ नको म्हणतो. नाही भेटलं, तं चाव्या त्याच्या हाती. मंग सूनबाईनं घर पाहावं. तिलेही सांगतलं आहे हे."

रेणुकानं मान हलवली. "सांगतलं आहे. चार वेळा."

"पाचव्यांदा सांगतो. मागं बंबात पाणी भरून ठेवलं, लाकडंही रचली. उद्या बोंब झाली तं काडी ओढतो."

ते खाली गेले. झुंबरबाई चादरी काढायला दोऱ्यांकडे वळल्या. रेणुका तिथंच पायरीवर बसली.

"ताई, खरं सांगा," ती म्हणाली. "होते का दुरुस्त?"

"काय बिघडलंय ते कळलं की होतंच."

हे मी धीर द्यायला म्हटलं नव्हतं. जो बिघाड वार पाहून येतो, त्याला कारण असतंच, आणि ते कारणही वार पाहून येत असलं पाहिजे. मला तेवढंच शोधायचं होतं.

सुरुवात सेन्सरपासून केली. टाकीच्या मध्यावर एक बारीक नळी आत गेलेली असते, तिच्यात सेन्सर बसतो. तो सैल असेल तर पाणी तापलेलं त्याला उशिरा कळतं आणि थर्मोस्टॅट उशिरा थांबवतो. चटका बसण्याचं हे सोपं कारण झालं असतं. मी सेन्सर बाहेर काढला, खालून मागवलेल्या बर्फाच्या चुऱ्यात बुडवला. थर्मोस्टॅटवर शून्य पूर्णांक तीन. मग गरम पाण्याच्या पातेल्यात, माझ्या थर्मामीटरच्या बरोबरीनं. फरक अर्ध्या अंशाचाही नव्हता. सेन्सर पास झाला. मी थोडी नाराज झाले, कारण तो सैल असता तर मी तासाभरात अकोल्याच्या गाडीत बसले असते.

पेस्ट लावून सेन्सर परत बसवला. मग थर्मोस्टॅट. पंचावन्न अंशांवर थांबायचं, पन्नासवर पुन्हा सुरू व्हायचं, अशी त्याची मांडणी होती. ती बरोबर होती. मी टाकीतलं पाणी सोडून दिलं. पाणी वाया जाताना पाहून झुंबरबाईंनी न सांगता दोन पिंपं भरून घेतली. आकडा पन्नासवर आला, थर्मोस्टॅटचा हिरवा दिवा लागला, आत टिक झालं, दोन्ही यंत्रं एकामागून एक सुरू झाली. पंचावन्नवर दिवा विझला आणि दोन्ही थांबली. पुस्तकात असतं तसं.

"आज बुधवार आहे," रेणुका म्हणाली. "बुधवारी दिवसा ती शहाणीच असते."

"गुरुवारी सकाळी बंद पडलेली असताना तिच्यावर काय दिसतं?"

"तांबडा दिवा. अन् इंग्रजीत एच.पी."

मी हातातला टेस्टर खाली ठेवला. हे आधीच विचारायला हवं होतं. एच.पी. म्हणजे दाब जास्त झाला. पाणी आधीच फार गरम असेल आणि तरीही यंत्र त्यात उष्णता कोंबत राहिलं, तर आतल्या गॅसचा दाब वाढत जातो, आणि एका मर्यादेला यंत्र स्वतःला कुलूप लावून घेतं. मग कुणीतरी येऊन बटन दाबेपर्यंत ते हलत नाही.

"म्हणजे चटका आणि बर्फ हे दोन आजार नाहीत," मी रेणुकाला म्हटलं. "एकच आहे. रात्री यंत्र पंचावन्नवर थांबत नाही. पाणी साठ, बासष्ट, त्रेसष्ट होतं, मग यंत्र कुलूप लावून घेतं. पहाटे पहिल्यांना ते त्रेसष्टचं पाणी मिळतं. ते संपलं की नवीन तापवायला कुणी नाही."

तिनं विचार केला. "मंग थांबत काऊन नाही? आता तं थांबली आपल्यासमोर."

"तेच. बुधवारी रात्री लॉजमध्ये असं काय होतं, जे बाकीच्या रात्री होत नाही? छोटं-मोठं सगळं सांगा."

रेणुका बोटांवर मोजत सांगू लागली. गाद्या जास्त काढतात. खोल्यांत दोन-दोन बादल्या ठेवतात. स्वयंपाकघर उशिरापर्यंत चालतं. पाहुण्यांच्या मोबाईलसाठी व्हरांड्यात चार्जिंगचे जादा बोर्ड लावतात. मी प्रत्येकाचा विचार करत होते. बोर्डांमुळे व्होल्टेज पडत असेल? पण व्होल्टेज पडलं तर यंत्र बंद पडेल, जास्त चालणार नाही.

"यंत्राला दिवाळीनंतर कुणी हात लावला?"

"कोणीच नाही. देवानंद आला होता, पण तो बोअरच्या कामाले."

तेवढ्यात झुंबरबाई चादरींचा गठ्ठा घेऊन आमच्या मधून आत आल्या. "सरका वो ताई," म्हणाल्या, गठ्ठा एका हातात घेतला, आणि दुसऱ्या हातानं बोअरच्या स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं. उद्याच्या गर्दीसाठी. रोजच्याला नगरपालिकेचं पाणी पुरतं, पण बुधवारी काळ्या टाक्या काठोकाठ लागतात, आणि बोअरला पाणी बारीक, त्यामुळे ती रात्रभर चालवावी लागते. हे त्या मला सांगत होत्या. मी अर्धंच ऐकलं.

कारण बाहेर दोन्ही हीट पंप सुरू झाले होते.

मी थर्मोस्टॅटकडे पाहिलं. पंचावन्न. हिरवा दिवा बंद. थर्मोस्टॅट थांब म्हणत होता आणि यंत्रं चालत होती.

"मावशी, बोअर बंद करा."

"आताच तं लावली."

"बंद करा, मग परत लावा."

त्यांनी तांबडं बटन दाबलं. दोन्ही यंत्रं थांबली. मी थोडं थांबून हिरवं दाबायला सांगितलं. यंत्रं सुरू. पुन्हा तांबडं. बंद. एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो, म्हणून मी आणखी दोनदा करायला लावलं.

"ताई, बटन निघून हातात येईन," झुंबरबाई म्हणाल्या.

रेणुका उठून उभी राहिली होती. "बोअरचा अन् हिचा काय संबंध?"

"नकाशात काहीच नाही. इथं आहे."

मेन बंद करून मी स्टार्टरचं झाकण उघडलं. आत, मोटरच्या कॉन्टॅक्टरला दोन जादा टोकं असतात, मोटर चालू असेपर्यंत जुळून राहणारी; ती रिकामी असायला हवी होती, पण त्यांच्यावरून दोन पिवळ्या वायरी निघाल्या होत्या. भिंतीतल्या पाइपातून त्या आमच्या पॅनलमध्ये आल्या होत्या आणि ज्या दोन टोकांवर थर्मोस्टॅटचा निरोप यंत्राच्या बोर्डातून येतो, तिथल्या वायरींच्या मागे बसल्या होत्या. काम सुबक होतं. टोकांना धातूचे लग्स दाबलेले, वर टेप. घाईत पाहणाऱ्याला ते कंपनीचंच वाटलं असतं, आणि मी घाईत पाहिलं होतं.

रेणुकानं देवानंदला फोन लावला.

देवानंद मूळचा सोनाळ्याचा, पण आता शेगावातच राहतो. आसपासच्या शिवारातल्या मोटरी, स्टार्टर, केबल, सगळं तोच पाहतो. तो आला तेव्हा त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता. कुठल्याशा विहिरीवरूनच तो निघाला होता. त्यानं उघडं झाकण पाहिलं, मग मला.

"ह्या वायरी तुम्ही जोडल्यात का?" मी विचारलं.

"हाव, मीच. काऊन, ढिल्या झाल्या का?"

"ढिल्या नाहीत. पक्क्या आहेत. तोच त्रास आहे."

त्याला राग आला नाही. त्याला माझ्याच कंपनीचा राग होता. "तुमच्या माणसानं मशीन बसवली, गेला. दिवाळीत लाइन गेली, मंग आली, तं मशीन तशीच गप. लॉजात पाहुणे बसलेले. रेणुकाताईनं बोअरच्या ऑटोसाठी बलावलं होतं, म्हटलं हेही पाहू. ह्या दोन टोकाईवर वायर टेकवली की मशीन सुरू होते. मी म्हटलं, हे तं स्टार्टचं बटन. आता लाइन रात्री येईन तं बटन दाबाले गच्चीवर कोण चढते? बोअरले ऑटो हाये, लाइन आली की तिची ती उठते. म्हटलं, तिच्या संगं हिलेही उठवू."

त्याच्या बाजूनं विचार केला तर ह्यात चूक काहीच नव्हती. शेतातली लाइन केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून इकडे जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो असतो. लाइन आली की मोटर स्वतःच सुरू होते आणि माणूस घरी झोपू शकतो. देवानंदच्या हिशेबानं चांगली मोटर म्हणजे न सांगता उठणारी. माझं माहेर अमडापूरचं, आमच्या विहिरीवरही तसाच डबा आहे.

"विहिरीवरची मोटर जास्त चालली तर काय होतं?" मी विचारलं.

"काय होते, वावर जास्त भिजते."

"ही जास्त चालली तर पाणी चटका बसण्याइतकं तापतं आणि ही स्वतःला कुलूप लावते. ही दोन टोकं नुसतं स्टार्टचं बटन नाही. थर्मोस्टॅट इथून दोन गोष्टी सांगतो. चल, आणि थांब."

देवानंद वायरींकडे पाहत राहिला. "म्हणजे तो थांब म्हणते, अन् मी मागून चल म्हणून राह्यलो."

"हो."

"अन् मशीन माह्यं ऐकते."

"बुधवारी रात्रभर."

रेणुका हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच. "बरं झालं, कोणी तं देवानंदभाऊचं ऐकते. घरी तं वहिनी ऐकत नाही."

"घरीही थर्मोस्टॅट बसवा लागन," देवानंद म्हणाला, आणि स्क्रू-ड्रायव्हर काढून दोन्ही वायरी त्यानं स्वतःच सोडवल्या. टोकांना टेप गुंडाळली. मग हात बांधून उभा राहिला. "आता मायं म्हणणं ऐका. लाइन गेली तं?"

मी पॅनलचं मेन पाडलं, पाणी पन्नासच्या खाली येईल एवढं सोडलं, आणि मेन पुन्हा वर केलं. थर्मोस्टॅट जागा झाला. हिरवा दिवा लागला. टिक झालं. यंत्रं उठली नाहीत. आम्ही बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभे राहिलो.

"पाह्य," देवानंद म्हणाला.

त्याचं खरं होतं. वायरी काढून मी एक बिघाड घालवला होता आणि ज्याच्यासाठी त्या जोडल्या होत्या तो जुना परत आणला होता. पहाटे लाइन एकदा जरी गेली, तरी रेणुकाचं लॉज भाऊरावकडे.

पण आता प्रश्न छोटा झाला होता. थर्मोस्टॅट सांगतोय आणि यंत्र ऐकत नाही, म्हणजे अडचण यंत्राच्या स्वतःच्या बोर्डात; देवानंदच्या वायरी त्या बोर्डाला वळसा घालून जात होत्या. तिथं दोन बटनं एकत्र दाबून धरली की आतली मांडणी उघडते. मी एकेक ओळ खाली जात वाचत गेले. पंप किती वेळ आधी सुरू करायचा, बर्फ साचला तर किती वेळ वितळवायचा, आणि मग ती ओळ: वीज गेल्यावर परत आली तर आपोआप सुरू व्हायचं की नाही. तिथं 'नाही' होतं. कारखान्यातून ते तसंच येतं. बसवणाऱ्यानं ते बदलायचं असतं. आमच्या माणसानं बदललं नव्हतं.

"म्हणजे चूक तुमच्याच माणसाची," देवानंद म्हणाला.

"हो. आमच्याच."

"एवढं लवकर कबूल करत नसतात, ताई. लोकाईले सवय पडते."

मी 'हो' केलं. खाली आणखी एक आकडा होता: किती वेळानं सुरू व्हायचं. तो शून्य ठेवला असता तर लाइन येताक्षणी बोअरची मोटर आणि दोन्ही कॉम्प्रेसर एकदम उठले असते. देवानंदला विचारलं. तो म्हणाला, बोअर उठतानाच लॉजमधले दिवे डोळे मिटतात, तिला आधी उठू द्या. पहिल्या यंत्राला तीन मिनिटं दिली, दुसऱ्याला चार. दुसऱ्या यंत्राच्या बोर्डातही तेच केलं. या वेळी बोअरसकट सगळ्याचं मेन पाडलं, वर केलं. बोअर ऑटोवर उठली, दिवे मंद होऊन सावरले. देवानंद जिन्याच्या कठड्याला टेकून यंत्राकडे असं पाहत होता, जणू ते खोटं बोलणार आहे. तीन मिनिटं हा फार मोठा वेळ आहे हे मला तिथं कळलं. मग पहिला पंखा फिरला. त्यानंतर दुसरा.

आम्ही ते आणखी एकदा करून पाहिलं, कारण देवानंदचा विश्वास बसला नव्हता आणि खरं म्हणजे मलाही दुसरं निरीक्षण हवं होतं.

रेणुकानं मला दुसऱ्या मजल्यावर खोली दिली. संध्याकाळी चिखलीकडच्या गावांमधून तीन गाड्या आल्या. लॉज भरलं. जेवताना नारायणरावांनी फक्त एवढं विचारलं, "झालं?"

"झालं, काका. उद्या मोजू."

पहाटे मी वर गेले तेव्हा नारायणराव माझ्या आधीच गच्चीवर होते. मफलर कानाला गुंडाळलेला. झुंबरबाई त्यांच्या मागे. बोअर रात्रभर चालल्यासारखी एकसुरी घरघरत होती. दोन्ही हीट पंप गप होते.

"सांगतलं होतं मी," नारायणराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "बंद पडली. खाली लोक उठून राह्यले, अन् ही झोपली. झुंबर, बंब पेटव."

"थांबा, मावशी," मी म्हटलं.

"कशासाठी थांबायचं?"

"काका, ही बंद पडलेली नाही. थांबलेली आहे."

"दोन्हीत फरक काय?"

मी त्यांना पॅनलपाशी नेलं. आकडा चौपन्न. तांबडा दिवा नाही. "पाणी तयार आहे, म्हणून हिला काम नाही. मागच्या गुरुवारी या वेळेला इथं एच.पी. होतं. आज काही नाही. पाणी खाली जाऊ द्या, ही उठेल."

"चालती मोटर मले समजते," ते म्हणाले. "गप मोटर समजत नाही."

रेणुका जिन्यात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बंब पेटला असता तर पाहुणे खाली अंगणात रांग लावणार, वरचे नळ कुणी उघडणार नाही, आणि यंत्र चाललं की नाही हे कधी कळणारच नाही. भाऊरावला मात्र बंब पेटलेला दिसणार. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, तुम्ही म्हटलं होतं शेवटच्या माणसापर्यंत. पहिला माणूस तं आंघोळीले जाऊ द्या."

नारायणरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग झुंबरबाईंना हातानंच थांबायची खूण केली.

खाली नळ सुटू लागले. जुन्या इमारतीत ते पाइपांतून ऐकू येतं; आधी एक, मग तीन-चार, मग मोजता येणार नाही इतके. थर्मोस्टॅटवर त्रेपन्न झाले. बावन्न. जिन्यावर बुटांचा आवाज झाला आणि देवानंद वर आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"इकडूनच जाऊन राह्यलो होतो," तो म्हणाला.

"पहाटेचं?" रेणुकानं विचारलं.

"मंग. विहिरी काय दहा वाजता उघडतात?"

एक्कावन्न. त्या आकड्यावर तो इतका वेळ अडला, की नारायणरावांनी खिशात हात घातला. फोनसाठी की काडीपेटीसाठी, ते मला कळलं नाही. मग पन्नास. टिक झालं. हिरवा दिवा लागला, पहिलं यंत्र उठलं, थोड्या वेळानं दुसरं. पंख्यांमधून थंड हवा आमच्या पायांवर आली आणि झुंबरबाई लुगडं सावरत मागं सरकल्या.

"हे गरम पाणी करते अन् आपल्याले गारठवते," त्या म्हणाल्या.

नारायणराव यंत्राजवळ गेले, पत्र्यावर तळहात ठेवला आणि थरथर जाणवल्यावर काढला.

पहिल्या मजल्यावरच्या आंघोळी झाल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या झाल्या. कुणी भांडायला आलं नाही. एक बाई वर आली, तेव्हा रेणुकाचा चेहरा बदलला. पण तिला चादर वाळत घालायला दोरी हवी होती. थर्मोस्टॅटचा आकडा एकोणपन्नासपर्यंत उतरला आणि तिथंच खालीवर होत राहिला. जेवढं पाणी जात होतं, जवळपास तेवढंच तापून येत होतं, आणि आंघोळीला चाळीस अंशही पुष्कळ होतात.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या खोलीत किसनराव नावाचे वयस्कर गृहस्थ होते. एका गाडीचे पुढारी. त्यांचा नेम असा, की गाडीतल्या प्रत्येकाची आंघोळ झाल्याशिवाय स्वतः करायची नाही. ते व्हरांड्यात टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते आणि खोल्याखोल्यांत डोकावून विचारत होते, कोणी राह्यलं का बे, कोणी राह्यलं का. शेवटी ते आपल्या खोलीकडे वळले.

"पाहुणे," नारायणराव म्हणाले, "तुमच्या आधी माही एक बादली."

"तुम्हीही आंघोळीचे राह्यले का?"

"मी दोन वर्षांपासून राह्यलो," नारायणराव म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी बादली नळाखाली ठेवली. फक्त गरम पाण्याचा नळ सोडला, थंड पाण्याच्या नळाला हात लावला नाही. बादली भरली. मी थर्मामीटर पुढं केला. तो त्यांनी माझ्या हातातून घेतला, स्वतः पाण्यात बुडवला आणि चष्मा कपाळावर सरकवून वाकले. रेणुका दारात होती. तिच्यामागे देवानंद आणि किसनराव.

आकडे भराभर चढले, मग हळू झाले, मग थांबले.

एकोणपन्नास पूर्णांक दोन अंश.